मागे राहिलेला 'फॉर'

ग्रिम्सबीच्या कोरोनरच्या कचेरीत
एना ब्लँचर्ड टाइप करते लोकांचं पाहणं.
फेब्रुवारी, एकोणीसशे एकसष्ट.
खिडकीबाहेर गोदीचा वास, बोटांना कार्बनचा.

मासे उतरवणारा सिड क्रिब सांगून गेलाय :
'मी आल्फला धक्क्यावर उतरताना पाहिलं.'
सरळ वाक्य. त्यात सिड उभा आहे, नाक गळतंय,
आणि त्याच्या नजरेत आल्फ चालतोय, हात खिशात.
सॉ हिम गो. दोघांच्या मध्ये काही नाही.

पण कचेरीला सिड नको असतो,
नुसतं दिसणं हवं असतं, बिनडोळ्यांचं.
एना वाक्य पालथं करते, हॅडॉक पालथा करावा तसं,
आणि आतून एक काटा वर येतो : टू.
वॉज सीन टू गो.
पाहणारा उठून गेला की हा येऊन बसतो
त्याच्या खुर्चीत, टोपीसुद्धा न काढता.
शाळेत टॅप्लिनबाई म्हणायच्या, नियम आहे, लिहा.

आल्फ बॉरिल, वय बावन्न, डेकहँड,
शेवटचा दिसला तो
डाउन, मग अलाँग, मग अवे.
ओल्या फळ्यांवरची तीन पावलं.
पुढचं पाऊल कुणाच्याच जबानीत नाही.

चिप्सवाली वेरा म्हणते, दारात काहीतरी बोलला.
वॉज हर्ड टू से.
काय, ते उकळत्या चरबीत गेलं.
मग गुणगुणत गेला, म्हणते.
एना टाइप करते : वॉज हर्ड हमिंग,
आणि थबकते. इथे टू नाही.
जे करून संपलं त्याला टू लागतो.
जे चालूच होतं त्याला काहीच लागत नाही.
मागच्या खोलीत किटली शिट्टी घालते,
एना उठत नाही.

चौथ्या दिवशी ईडी बॉरिल आली, न बोलावता,
बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन.
'विंचचा दोर झिजलाय, असं तो तीनदा सांगत होता.'
'नोंद आहे, बाई. त्यांचं ऐकलं गेलं होतं.'
'ऐकू गेलं होतं,' ईडी म्हणाली.
हर्ड. बस्स. आउट नाही त्याच्यापुढे,
कुणी शेवटपर्यंत बसून ऐकल्याचा आउट.
लिसन्ड टू तर नाहीच.

आणि मग ते वाक्य :
ही वॉज लुक्ड फॉर.
तीन दिवस, हम्बरच्या चिखलात, कुत्र्यांसह.
फॉर, आणि लगेच पूर्णविराम.
ज्याच्यासाठी तो होता तो वाक्याच्या तोंडाशी निघून गेला,
हा राहिला इथे, शेपटाशी,
बोट सुटल्यावर खुंटाला उरलेल्या दोरासारखा.

माझ्या भाषेत असं होत नाही.
आल्फसाठी, आल्फमागे, आल्फकडे :
आमचे हे शब्द नावाच्या पाठीला धरून चालतात,
नाव बुडालं तर सोबत बुडतात.
आणि आम्हाला माणूस दिसतो. आपला आपण.
पाहणारा 'ला' लावून कडेला उभा,
जणू त्याच्यावर काही येऊन आदळलंय.
मला आल्फ दिसत नाही. मला कागद दिसतो.

कारण एनाचं थबकणं, ती किटली, ईडीची पिशवी
मी रचतोय. लिंकनच्या तळघरात
तासावर पगार घेऊन फायली स्कॅन करतो मी,
आणि या फायलीत आहे ते एवढंच :
कुठल्याही जबानीत न आलेले तीन शब्द
कुणीतरी त्या फॉरनंतर टाइप केलेत,
बाय हिज वाइफ,
आणि कुणीतरी लाल शाईनं ते खोडलेत, पट्टी लावून.

यंत्र लाल रेघ उचलतं, खालची अक्षरं नाही.
पण पान उलटं करून बोट फिरवलं
तर बायचा खड्डा लागतो.
जोरात मारलाय तो.